घडविणाऱ्याचें नांव

जुनी वस्तु विकत घेऊन ती आपल्या हातांनीं नवी करण्याची हौस आपल्या सुशिक्षित घरांत फारशी आढळत नाहीं. नळ गळूं लागला कीं प्लंबर बोलवावयाचा, आणि घरांतील एखादा मुलगा पाने व कानस घेऊन बसलाच, तर "अभ्यास संपला का?" हा प्रश्न ठरलेला! म्हणून या महिन्यांत आम्ही एका अमेरिकन छंदाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. वापरलेली अवजड मोटारसायकल घेऊन, तिचे कांहीं भाग छाटून व कांहीं नव्यानें घडवून, तिला सर्वस्वीं आपली करणें, असा हा छंद आहे.

दुसरें महायुद्ध 1945 सालीं संपलें व अमेरिकेंतील तरुण सैनिक घरीं परतले. लष्करानें विक्रीस काढलेल्या मोटारसायकली तेव्हां स्वस्तांत मिळत. गाड्या मजबूत, पण जड. म्हणून या तरुणांनीं पुढचें मडगार्ड काढलें, मागचें आंखूड केलें, आणि चालण्यास जें अवश्य नाहीं तें उतरवून ठेविलें. यांतूनच पुढें लांब फोर्क, उंच हॅंडल व लहान टाकी असलेली 'चॉपर', म्हणजे छाटलेली गाडी, जन्मास आली.

तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना 1969 सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटांत दिसतो. पीटर फोंडा ज्या गाडीवर बसतो, तिच्या टाकीवर अमेरिकन ध्वजाचे तारे व पट्टे आहेत. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीं वापरून लिलांवांत काढलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांपासून चित्रपटासाठीं चार गाड्या तयार झाल्या. त्यांची आंखणी क्लिफ व्हॉज यानें केली व त्या घडविल्या बेन हार्डी या कारागिरानें. दोघेही कृष्णवर्णीय. चित्रपट जगभर गाजला, त्या गाडीचीं चित्रें घरोघर भिंतींवर लागलीं. परंतु चित्रपटाच्या श्रेयनामावलींत या दोघांचीं नांवें नव्हतीं. अनेक दशकें लोकांना गाडी ठाऊक होती, घडविणारे ठाऊक नव्हते. 2014 सालीं त्यांतीलच म्हणून एक गाडी लिलांवांत आली, तेव्हां बोली 13 लक्ष 50 हजार डॉलरपर्यंत चढली, आणि गाडी अस्सल कीं नक्कल यावर मोठा वाद झाला. वस्तूच्या अस्सलपणाची एवढी चाड असलेल्या जगास कारागिराच्या नांवाची मात्र फार दिवस गरज भासली नव्हती!

हें काम केवळ हौसेचें नव्हे, तें शास्त्राचेंही आहे. हॅंडल ज्या आंसाभोवतीं फिरतें, त्याची रेषा खालीं वाढविली तर ती टायर टेंकतो त्या जागेच्या किंचित् पुढें जमिनीस मिळते. या अंतरामुळें चाक आपण होऊन सरळ राहूं पाहतें. फोर्क अधिक कलता केला कीं हें अंतर वाढतें. मग गाडी सरळ हमरस्त्यावर स्थिर धांवते, पण वळवितांना जड जाते व हळू चालतांना पुढचें चाक एका बाजूस पडूं पाहतें. नुसता फोर्क लांब केला, तरी गाडीचें तोंड वर उचललें जाऊन कल वाढतोच. त्या ध्वजांकित गाडीस तर पुढचा ब्रेकच नव्हता. वेग आवरतांना भार पुढच्या चाकावर येतो व थांबविण्याचें मोठें काम पुढचाच ब्रेक करतो. तेव्हां शोभेपायीं तो काढणें हें अनुकरणीय नव्हे.

आसन, दिव्याची पट्टी, सामानाची चौकट हे भाग हातकरवत, कानस व ड्रिल यांच्या साह्यानें घरीं करतां येतात. चाकाचा आंस, सांगाड्याचा जोड किंवा ब्रेक यांची गोष्ट निराळी. त्यांवर जीव अवलंबून असतो. ते लेथ व वेल्डिंग जाणणाऱ्या कसबी माणसाकडूनच करून घ्यावे. शिवाय आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम आहे. उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्रकाचा मेळ बसणार नाहीं असा फेरफार करण्यास तें मनाई करतें, व 2019 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच निर्णय दिला. तेव्हां हात चालविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें शहाणपणाचें.

एवढीं पथ्यें पाळून घरांतील मुलगा अगर मुलगी जुन्या यंत्रास हात घालूं म्हणेल, तर पालकांनीं आडवें येऊं नये, असें आमचें मत आहे. भूमितींतील कोन पुस्तकांत पाठ होतो. कानशीखालीं तो समजतो. आणि ज्या वेल्डरकडून अवघड जोड करून घ्याल, त्याची मजुरी चुकवितांना त्याचें नांवही विचारून ठेवा. पाहुण्यांना गाडी दाखवितांना तें सांगावयास नको का?