दोष पालकांच्याच माथी का?



सोशल मीडिया कंपन्यांवरील खटले म्हणजे पालकांची पळवाट, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ४१ राज्यांनी मेटावर दावे गुदरले, ते मुलांच्या हाती फोन कुणी दिला म्हणून नव्हे. बोट सरकवले की पुढची रील, तिला तळच नाही. अभ्यासाला बसावे तर नोटिफिकेशन वाजते. ही रचना मुलांना खिळवून ठेवण्यासाठीच केली, हा मूळ आरोप आहे. दिवसभर नोकरी करून घरी येणाऱ्या आईने या रचनेशी एकटीने किती झुंजायचे?

आपल्याकडे तर उलटाच न्याय. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या तरुणांनाच अटक केली!

मुलांचे हित नुसते घरच्यांवर सोडून भागत नाही, हे बडोदेकरांना तरी सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते याच जाणिवेने. आता आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. केंद्र सरकारने तिची काटेकोर अंमलबजावणी करावी.

— एक पालक, दांडिया बाजार, बडोदा