पोराचे दप्तर एकदा उघडून बघा



शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला. वह्या, गणवेश, रेनकोट यांची खरेदी आटोपली; कोणाची उसनवारीही झाली. या दिवसांत वस्तीत कोणाकडेही गेलो की पोरांना दोनच प्रश्न विचारलेले आम्ही ऐकतो. पाहुणा विचारतो, "कितवीला रे?" आणि बाप विचारतो, "मार्क किती पडले?" शाळेत शिकवतात काय, हे कोणी विचारत नाही.

पालकांना काळजी नाही असे मुळीच नाही. बाप पहाटे चारला मार्केटात गोणी उचलायला जातो, आई चार घरची धुणीभांडी करून दुपारी दोनला परतते. "आम्ही सातवीतून बसलेलो, आम्हाला त्यातलं काय कळणार?" असे ते म्हणतात आणि दप्तराकडे हात जोडून मोकळे होतात. आमच्यातल्याही काहींची शाळा सातवी-आठवीतच सुटली, तेव्हा हे दुःख आम्हाला नवे नाही. पण गेले दोन रविवार आम्ही विहाराच्या अभ्यासिकेत सहावी ते आठवीची पोरे आणि त्यांचे आईबाप यांना एकत्र बसवले आणि दप्तरे सतरंजीवर रिकामी करायला लावली. जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे.

पुस्तके बालभारतीची, म्हणजे १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची. सहावीची पुस्तके २०१६ साली, सातवीची २०१७ साली आणि आठवीची २०१८ साली नव्याने निघाली. मध्यंतरी त्यांत वहीची कोरी पाने आली आणि गेली, पण आतला माल बराचसा तोच राहिला. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल असे विषय. शिवाय चित्रकला, कार्यानुभव आणि पीटीचे तास. पोराला वाटते ही सात-आठ वेगळी खाती आहेत. घंटा वाजली की एक खाते बंद, दुसरे सुरू. शिकवणारेही पुष्कळदा तसेच शिकवतात. खरे तर ही पुस्तके एकमेकांशी बोलत असतात. आमच्यासमोर ती कशी बोलली ते सांगतो.

सातवीतल्या एका मुलीच्या आईने मागच्या वर्षी घराचे पत्रे बदलायला एका फायनान्सवाल्याकडून ३०,००० रुपये घेतले होते. हप्ता दरमहा २,८५० रुपये, बारा महिने. दर विचारला तेव्हा माणूस म्हणाला होता, "शेकडा चौदा फक्त, मावशी." आता दुसरे कर्ज घ्या म्हणून तोच माणूस पुन्हा दारात येतो. माउलीने कर्जाचे कार्ड पिशवीतून आणले होते. आम्ही मुलीला म्हटले, "तुझ्या गणिताच्या पुस्तकात सरळव्याजाचा धडा आहे ना? मांड."

तिने मांडले. मुद्दल ३०,०००, दर १४, मुदत १ वर्ष. व्याज ४,२०० रुपये. एकूण ३४,२००. भागिले बारा, हप्ता २,८५०. "बरोबर आहे, काका," ती म्हणाली. आईच्या तोंडावर समाधान दिसले.

आम्ही म्हटले, "थांब. पुस्तकातल्या उदाहरणात माणूस पैसे कधी परत करतो?" ती म्हणाली, "वर्षाच्या शेवटी." "आणि तुझी आई?" मुलगी गप्प झाली. मग तिने स्वतःच वहीत बारा ओळी लिहिल्या. मुद्दलाचे दरमहा २,५०० फिटतात. म्हणजे पहिल्या महिन्यात आईकडे ३०,००० होते, दुसऱ्यात २७,५००, तिसऱ्यात २५,०००, असे करत बाराव्या महिन्यात फक्त २,५००. बेरीज आली १,९५,०००. आता सरासरी काढायची, आणि सरासरी सातवीच्याच पुस्तकात आहे. बाराने भागले तर १६,२५०. म्हणजे वर्षभर आईच्या हातात सरासरी सोळा हजारच होते आणि व्याज मात्र पुऱ्या तीस हजारांचे भरले. ४,२०० रुपये हे १६,२५० चे किती टक्के, तर जवळजवळ २६ टक्के.

चौदाचे सव्वीस झाले. सतरंजीवर कोणी काही बोलेना. मग बचतगटातल्या एका ताईंनी विचारले, आमच्या गटात महिना दीड टक्का आहे, पण उरलेल्या रकमेवर. त्याचे किती होतील? मुलीला आता चटक लागली होती. १,९५,००० ला दीड टक्का, म्हणजे २,९२५ रुपये. फायनान्सवाल्यापेक्षा १,२७५ रुपये कमी.

यात फायनान्सवाला खोटे बोलला असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. त्याने दर सांगितला, कशावर लावला ते सांगितले नाही. त्या माउलीने काय केले? दुसरे कर्ज टाळता आले नाही, कारण भावाच्या मुलीच्या बाळंतपणाचा खर्च उभा होता. पण तीसऐवजी पंधरा हजार घेतले, आणि तेही गटातून. हप्ते वेळेवर जात आहेत की नाही ते मुलगी वहीत लिहून ठेवते.

आता इतिहासाकडे येऊ. आठवीच्या इतिहासात समतेच्या लढ्याचा धडा आहे आणि त्यात महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह येतो. आमच्या घरात ही गोष्ट पोराला पाळण्यापासून माहीत असते. पोस्टर भिंतीवर, गाणे जयंतीला. म्हणूनच की काय, परीक्षेत पोरे हा धडा न वाचताच जातात. एका मुलाला आम्ही विचारले, "तळे तेव्हा कोणाच्या ताब्यात होते?" तो म्हणाला, "गावाच्या." तळे महाड नगरपालिकेच्या ताब्यात होते. नगरपालिका म्हणजे काय, ते तो सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन संस्थांमध्ये शिकून विसरला होता!

तेव्हा क्रम लावू या. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर विरोधक दिवाणी न्यायालयात गेले, आणि खटला चालत चालत मुंबई उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. मग २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झाले. त्याचे कलम १५ काढून बघा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द तेथे स्पष्ट लिहिलेले आहेत. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

कायदेमंडळ, नगरपालिका, लोकांचा लढा, न्यायालय, संविधान. पोर सहावीत स्थानिक शासन शिकते, सातवीत संविधानाची ओळख, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था. तीन वर्षांत चार ठिकाणी विखुरलेले हे धडे एका तळ्याच्या काठावर एकत्र येतात. हे जोडून दिले की पोराला पुढचा प्रश्न आपसूक सुचतो. त्या मुलाने विचारलाच, "ठराव झाला होता तर मग तीन वर्षं पाणी का नाही दिलं?" कायदा कागदावर असणे आणि नळाला पाणी येणे यातले अंतर त्याला कळले. आमच्या वस्तीच्या नळाचा अर्ज वॉर्ड ऑफिसात किती महिने पडून आहे, हेही कोणीतरी हळूच बोलले.

भूगोलाला आपण फार हलके लेखतो. नकाशात रंग भरायचे, झाले. आठवीत स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ असा धडा आहे. एका रेखांशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरची. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटे, म्हणून ग्रीनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे. हा भूगोल की गणित? आमच्या शेजारच्या घरातला भाऊ दुबईला वेल्डर आहे. ते ग्रीनिचपेक्षा चार तास पुढे, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास मागे. धाकटीने हिशेब करून आईला सांगितले की दादाला रात्री साडेनऊला फोन लाव, तेव्हा त्याचे आठ वाजलेले असतात, तो जेवायला बसलेला असतो.

विज्ञानाचेही तसेच. ७५ वॅटचा पंखा रात्रंदिवस फिरला तर चोवीस तासांत १.८ युनिट आणि तीस दिवसांत ५४ युनिट. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, त्यापुढचा चढा. बिल वाढले की आपण मीटरला शिव्या देतो. कधी मीटर खरेच बिघडलेला असतो, पण आधी गुणाकार करून बघायला हरकत नाही. आहार आणि अन्नातली भेसळ याही धड्यांत आईने लक्ष घालावे असे पुष्कळ आहे, त्यावर पुढे केव्हातरी लिहू.

भाषेबद्दल मात्र थोडे कडक बोलावे लागेल. सातवीतली काही पोरे विज्ञानात मागे आहेत असे आम्हाला वाटत होते. वाचायला दिले तर प्रश्नच वाचता येईना. मराठी अडखळत वाचणारा पोरगा गणितातले तोंडी उदाहरण कसे सोडवील? त्याला गणित येते, उदाहरणाची भाषा येत नाही. आणि आपण काय करतो, तर विज्ञान-गणिताची शिकवणी लावतो, सेमी इंग्रजीत घालतो. सेमी इंग्रजीला आमचा विरोध नाही, पण पाया मराठीचा पक्का असू द्या. बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत हवी असून फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः शिकून घेतली. आपल्या पोरांना आज भाषा कोणी नाकारत नाही. रोज संध्याकाळी एक पान मोठ्याने वाचायला लावा. आईला वाचता येत नसले तरी ऐकता येते. पोर कुठे अडले ते कानाला लगेच कळते.

हे सगळे सहावी-सातवीतच का, असे एका भाऊंनी विचारले. कारण पुढे आठवीचा उंबरठा आहे. सरकारी व अनुदानित शाळांत फुकटची पुस्तके आठवीपर्यंत, दुपारचे जेवणही आठवीपर्यंत. शिक्षणहक्काच्या कायद्याचा हात आठवीला सुटतो. नववीत पोर बसले की खर्च एकदम अंगावर येतो आणि तेथेच घरात बोलणी सुरू होतात, विशेषतः मुलीबद्दल. आणि "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" ही जुनी समजूत आता सोडा. कायदा २०१९ साली बदलला आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आल्या आहेत.

खर्चावर एक इलाज आहे, तो फार थोड्या घरांना माहीत असल्याचे आम्हाला दिसले. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,००० रुपये, मुलाच्या खात्यात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, शाळा सरकारी, पालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी, आणि सातवीत ५५ टक्के, आपल्या अनुसूचित जातीच्या मुलांना ५० टक्के गुण हवेत. प्रश्न १८० असतात. निम्मे बुद्धिमत्तेचे, निम्मे विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचे मिळून. म्हणजे "माझा इतिहास कच्चा आहे, पण गणितात भरून काढीन" हे तेथे पुरते चालत नाही. आणि सातवीचे गुण लागतात, तेव्हा आठवीत जाग येऊन उपयोग नाही. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका, तहसीलची रांग तुम्हाला ठाऊक आहे. मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीही पाचवीपासून असते. मुख्याध्यापकांना भेटून विचारा. संकोच करू नका.

येत्या रविवारी सकाळी दहाला अभ्यासिकेत पुन्हा बसायचे आहे. पोरांनी गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र ही पुस्तके आणावीत. आईबापांनी विजेचे बिल, बँकेचे पासबुक आणि कोणाचे कर्ज असेल तर त्याचे कार्ड आणावे. वस्तीच्या नळाच्या अर्जाची नक्कल आम्ही आणू. आठवीची पोरे वॉर्ड ऑफिसला स्मरणपत्र लिहिणार आहेत. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी तो घरी विसरू नये.