ब्राउझरातला मुका कागद

संगणकाशी व्यवहार करण्याचे साधन म्हणजे माउस आणि कळफलक, एवढीच समजूत मनाशी धरून आपल्या बहुतेक संकेतस्थळांची उभारणी झालेली असल्यामुळे, ज्यांचा व्यवहार याहून निराळ्या साधनांवर चालतो, म्हणजे चित्रकाराच्या डिजिटल पेनवर, हात न चालणाऱ्याच्या पायाखालच्या पेडलवर किंवा दृष्टिहीनाच्या ब्रेल डिस्प्लेवर, त्यांना ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफपुढे वारंवार अडून बसावे लागते. अशा वेळी तक्रार केली असता पहिला संशय त्या साधनावर घेतला जातो, दुसरा ते वापरणाऱ्यावर. कागदाची झडती मात्र कोणीच घेत नाही. तपासाची ही दिशा उलटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी मुंबईतल्या खारघरात आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक राहतात. दृष्टी नाही, परंतु स्क्रीन रीडर आणि त्याला जोडलेला ब्रेल डिस्प्ले यांच्या आधाराने त्यांचा पत्रव्यवहार आमच्यापैकी अनेकांपेक्षा नीटस चालतो. त्या डिस्प्लेवर बारीक कोठ्यांची एक ओळ असते, कोठीतल्या टाचण्या वरखाली होऊन अक्षर बोटाला लागते, आणि प्रत्येक कोठीलगतची चिमुकली कळ दाबली की कर्सर नेमका त्या अक्षरावर जाऊन बसतो. एका कार्यालयाचे परिपत्रक त्यांनी ब्राउझरमध्ये उघडले, तेव्हा टाचण्या उठल्याच नाहीत. दूरध्वनी केला, तर पलीकडून उत्तर आले, "सर, तुमचं मशीन अपडेट करून घ्या, आमच्याकडे फाईल व्यवस्थित उघडतेय." सर शांतपणे म्हणाले, "उघडते माझ्याकडेही. वाचता येत नाही, एवढंच."

या संवादात दोन्ही पक्ष खरेच बोलत होते, आणि गोम नेमकी तेथेच आहे. अडोबी कंपनीने १९९३ साली पीडीएफ आणले, ते कागद कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसावा आणि छापता यावा म्हणून. तो वाचला जावा, ही अपेक्षा त्याच्या मूळ मसुद्यात दुय्यम होती, आणि दिव्यांगांना सुगम पीडीएफ कसे असावे याचे आंतरराष्ट्रीय मानक निघावयास २०१२ साल उजाडले. दरम्यान क्रोमने २०१० साली आणि फायरफॉक्सने २०१३ साली पीडीएफ दाखविण्याची सोय ब्राउझरच्या पोटातच करून टाकली. फायरफॉक्स तर पानाचे चित्र रंगवितो आणि त्यावर अदृश्य मजकुराचा एक पापुद्रा पसरतो. डोळस मनुष्य चित्र पाहतो, ब्रेलवाला त्या पापुद्र्यावर विसंबतो. पापुद्रा रिकामा असला, तर एकाच पडद्यावर एकाला संपूर्ण परिपत्रक दिसते आणि दुसऱ्याला कोरा कागद मिळतो.

मराठीच्या बाबतीत याहून चमत्कारिक प्रकार घडतो. जुन्या मराठी फॉन्टांत 'क' दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी इंग्रजी अक्षराचा संकेतांक असे. छापखान्याला त्याचे सोयरसुतक नव्हते, कारण कागदावर 'क'च उमटे. युनिकोडने १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे संकेतांक दिले, आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडविलेला 'मंगल' फॉन्ट घरोघरी पोहोचला. हेच जोशी ज्या एनसीएसटी संस्थेत भारतीय लिप्यांच्या फॉन्टांवर काम करीत, ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि सी-डॅकचे एक कार्यालय आमच्या खारघर स्थानकासमोर, बेलापूरच्या हद्दीत उभे आहे. देवनागरीला संगणकावर सन्मानाने बसविण्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या, त्यांच्या दारावरून रोज लोकल पकडणाऱ्या या उपनगरात अजूनही जुन्या फॉन्टांतली परिपत्रके व्हॉट्सॲपवर फिरतात, याला काय म्हणावे!

साधन अडले, की ते दुरुस्तीला धाडण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. तेच साधन त्याच ब्राउझरमध्ये एखाद्या साध्या पानावर, बातमीवर म्हणा, चालते की नाही, हे प्रथम पाहावे. चालत असेल, तर साधन निर्दोष आहे. मग कर्सरचा ताबा खरोखर दस्तऐवजाकडे आहे काय, हे पाहावे, कारण ब्राउझरातला पीडीएफ दर्शक हा पानाच्या आत स्वतंत्र कोठडीसारखा असतो, आणि एफ-सिक्स अथवा टॅब दाबून आत शिरल्याखेरीज पेडलने धाडलेली 'पान खाली'ची आज्ञा भलतीकडेच जाते. पेनवाल्यांची अडचण वेगळी: मजकूर निवडावा म्हणून पेन ओढले तर पान सरकते, आणि अनेकदा टॅबलेटच्या सेटिंगमधील 'विंडोज इंक'ची खूण काढली की हे दुखणे जाते; आमच्याकडील निफ्ट या फॅशन संस्थेच्या विद्यार्थ्यांना हे मी सांगायला नकोच. एवढ्यानेही न भागल्यास फाईल उतरवून घेऊन स्वतंत्र पीडीएफ वाचकात उघडावी. तेथे सुरळीत चालली, तर दोष ब्राउझरातल्या दर्शकाचा. अखेरीस एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी. निवडताच येत नसेल, तर तो मजकूर नसून छायाचित्र आहे. चिकटल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर फॉन्ट जुना. आणि ऱ्हस्व वेलांट्या जागा सोडून भटकू लागल्या, तर पीडीएफ तयार करतानाच घोटाळा झालेला.

सरांच्या परिपत्रकाची ओळ निवडताच येईना. ते पत्र कार्यालयात संगणकावरच, युनिकोडमध्येच टंकलिखित झालेले असावे. मग ते छापले गेले, त्यावर सही झाली, शिक्का उमटला, आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक पडला, आणि त्या कागदाचे छायाचित्र संकेतस्थळावर चढले. सुवाच्य मजकुराचे असे बुद्ध्या चित्र करण्याची ही रीत आपल्या दप्तरांत इतकी मुरलेली आहे की, सही-शिक्का दिसल्याखेरीज हुकूम खरा वाटत नाही. डिजिटल स्वाक्षरीला कायद्याने २००० सालापासून मान्यता आहे. तरीही शाईचा मोह सुटत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात मिळण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमतेचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ चाच भाग असल्याचे सांगितले. तेव्हा "मशीन अपडेट करा" हे उत्तर नुसते उद्धट नाही, ते बेकायदेशीरपणाच्या उंबरठ्यावरचे आहे. आमची पनवेल महानगरपालिका तर २०१६ सालीच स्थापन झालेली, म्हणजे या अधिनियमाचीच समवयस्क. तिने आणि हे शहर वसविणाऱ्या सिडकोने आपल्या प्रत्येक खात्यास एवढीच ताकीद द्यावी: सूचना प्रथम साध्या वेबपानावर युनिकोडमध्ये द्यावी, सही-शिक्क्याची प्रत हवी तर तिच्याखाली जोडावी, आणि सूचना चढविणाऱ्या लिपिकाने तत्पूर्वी तिच्यातली एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. या कामाला निविदा लागत नाही, समितीही लागत नाही. सरांना ते परिपत्रक अखेर शेजारच्या मुलाने वाचून दाखविले; त्यातली हरकती नोंदविण्याची मुदत आदल्या दिवशीच संपली होती.