खारेपाटातले भात आणि जातीचा दाखला

पेण तालुक्यातील खारेपाटात, जेथे खाडीचे पाणी आणि भाताचे खाचर यांच्यामध्ये केवळ मातीचा एक बांध उभा असतो आणि उधाणात त्या बांधाला खांड पडली की जमीन काही वर्षे पिकास मुकते, तेथील शेतकऱ्याला क्षार सोसणाऱ्या भाताची महती कोणी पटवून देण्याची आवश्यकता नाही. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादनाने सिद्ध केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी ‘पूसा डीएसटी राईस १’ हा एमटीयू १०१० या प्रचलित वाणातील एका जनुकात फेरफार करून घडविलेला असून तो क्षार व अवर्षण सोसतो, असे सांगण्यात आले. अशी वार्ता आली की हे भात भातच राहिले की कोणी निराळाच जीव झाला, आणि शेजारच्या खाचराशी त्याचा संकर होईल काय, या शंका मनात येणे स्वाभाविक आहे.

अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेल्या व्याख्येप्रमाणे ज्यांचा परस्परांशी संकर होऊन प्रजननक्षम संतती निपजते, ते जीव एका जातीचे. या कसोटीवर संपादित भात नि:संशय भातच ठरते, कारण त्याची २४ गुणसूत्रे जशीच्या तशी आहेत. कापसाचे उदाहरण याहून बोलके आहे. २००२ साली आपल्याकडे परवानगी मिळालेल्या बीटी कापसात जीवाणूचे जनुक आले, तरी तो अन्य अमेरिकन कापसाशी निर्वेधपणे संकर करतो. उलट विदर्भात पूर्वापार पिकणारा देशी कापूस २६ गुणसूत्रांचा आणि अमेरिकन ५२ गुणसूत्रांचा असल्याने त्या दोघांची संतती बहुधा वांझ निघते. जातीची भिंत निसर्गाने उभारली ती तेथे. प्रयोगशाळेने ती उभारलेली नाही.

खारेपाटाला संकर नवा नाही. तेथील ‘भुरा राता’ या क्षार सोसणाऱ्या तांबड्या भाताच्या निवडीचा फिलिपीन्सहून आलेल्या ‘आयआर ८’शी संकर घडवूनच पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने आपले वाण काढले, आणि त्या वेळी जातीचा दाखला कोणी मागितला नाही.

तेव्हा चिंता करावयाची ती भात परके झाले म्हणून नव्हे, तर ते आपलेच राहिले म्हणून. भात मुख्यत: स्वपरागित असल्याने शेजारच्या वाणाशी त्याचा संकर क्वचितच होतो, पण रानभात, ज्याला ग्रंथांत निराळे नाव असले तरी खाचरात जो भाताशी सहज संकर पावतो, तो बांधावर आणि पाणथळीत उभा असतोच. अमेरिकेत २००२ पासून पेरलेल्या तणनाशक-सहिष्णु भाताचा गुण, तो परक्या जनुकाचा नसून उत्परिवर्तनाने आलेला असतानाही, तणभातात उतरला, आणि ज्या औषधाने तण मारावयाचे तेच औषध तेथे निरुपयोगी ठरू लागले.

आपल्या सरकारने मार्च २०२२ मध्ये, परके जनुक अंगी नसलेल्या संपादित पिकांना १९८९च्या जैवसुरक्षा नियमांतील प्रमुख कलमांतून माफी दिली. परके जनुक नाही, म्हणून धोका कमी, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. परागकण वाऱ्यावर जातो तेव्हा अंगी असलेला गुण कोठून आला याची चौकशी करीत नाही. क्षारसहनशीलतेबाबत मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की खारेपाटातला राता भात हाच गुण घेऊन पिढ्यान्पिढ्या रानभाताच्या शेजारी उभा आहे, आणि त्यामुळे खारेपाट काही तणाने गिळंकृत झालेला नाही. म्हणून नव्या वाणास सरसकट मनाई करावी, असे मी म्हणणार नाही.

माझे म्हणणे एवढेच की, ते बियाणे पेण-रोह्याच्या बाजारात येण्यापूर्वी कृषी खात्याने दोन कामांची व्यवस्था लावावी. कोणत्या गावी, कोणत्या गट नंबरात ते पेरले गेले, याची नोंद पीकपाहणीत स्वतंत्र शेऱ्यासह व्हावी. आणि भुरा व काळा राता या स्थानिक वाणांचे शुद्ध बी, संकराची शंका उद्भवण्यापूर्वीच, खारेपाटातील शेतकऱ्यांकडून रोख मोबदला देऊन गोळा करून जतन केले जावे. रोह्यास, जेथे भिरा वीजगृहाचे पाणी कुंडलिका नदीतून डोलवहाळच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि त्यावर उन्हाळी भातही निघते, तेथे या नोंदी दोन्ही हंगामांच्या ठेवाव्या लागतील.