मुलांच्या हाती आजचे पुस्तक द्या



आपल्या वर्गाचे पुस्तकांचे कपाट एकदा उघडून पाहा. अलिया करताना कोणी पेटीतून आणलेली पुस्तके, कोणा वडीलधाऱ्यांच्या मागे घर आवरताना मुलांनी "वर्गाला द्या" म्हणून पाठवलेली पुस्तके. 'श्यामची आई'च्याच तीन प्रती आहेत. पाने पिवळी पडलेली, आत मुंबईतल्या दुकानांचे शिक्के. मला ही पुस्तके प्रिय आहेत. 'श्यामची आई' मी वर्गात किती वेळा वाचून दाखवली असेल याचा हिशेब नाही. पण हे पुस्तक १९३५ साली निघाले. लोदमधल्या दहा वर्षांच्या मुलाला आपण मराठीतली एवढीच पुस्तके दाखवली, तर तो काय समजेल? आजी विमानात बसली तेव्हा मराठीत लिहिणे थांबले, असेच ना? मग ही भाषा तो आजीपुरतीच ठेवेल, आणि आजीनंतर ठेवायला जागा उरणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की यंदा वर्गाला मिळणाऱ्या देणग्यांतून नवी पुस्तके घ्यावीत आणि वार्षिक दिवशी नाचगाण्यांच्या जोडीला त्या पुस्तकांचा आणि ती लिहिणाऱ्यांचा सन्मान करावा.

नवे काय आहे, असे मला नेहमी विचारतात. पुष्कळ आहे. भारताची साहित्य अकादमी २०१० पासून मुलांच्या पुस्तकांना वेगळा पुरस्कार देते. मराठीत अलीकडे तो सलीम मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध' ला, संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही' ला, एकनाथ आव्हाड यांच्या 'छंद देई आनंद' ला, भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' ला मिळाला. नुसती नावे वाचली तरी कळते की यात खजिना आहे, भूतबंगला आहे. आपल्या मुलांना तेच हवे असते. उपदेश त्यांना घरी आपण पुरेसा करतोच!

सर्वांत आधी मात्र मी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके घेईन. त्या लिहितातही आणि चित्रेही स्वतः काढतात. 'राधाचं घर' मध्ये एक लहान मुलगी आपल्या घरच्या माणसांची ओळख करून देते. आई, बाबा, आजी, आजोबा, काका, बस. आमच्या छोट्या गटाला हे शब्द येतात. सावता म्हणजे आजी हे त्यांना सांगावे लागत नाही. पहिल्या पानापासून मूल पुस्तकात घरच्यासारखे वावरते. त्यांचेच 'चित्रवाचन' त्याहून सोयीचे. चित्रे पाहायची आणि बोलायचे. अक्षरांची भीती नाही, आणि ज्याला एकच वाक्य येते तोही ते बोलून टाकतो.

आता खरी अडचण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची. बार मित्स्वा झालेला मुलगा हिब्रूत जाडजूड कादंबऱ्या वाचतो, पण मराठी वाचताना सहा वर्षांचा असतो. त्याच्या हाती सिंह आणि उंदराची गोष्ट दिली की त्याला आपला अपमान झाल्यासारखे वाटते आणि पुढच्या आठवड्यापासून तो येत नाही. काही पालक म्हणतात, आधी जोडाक्षरे पक्की करा, मग पुस्तके द्या. चाळीस वर्षे शिकवल्यानंतर मी याच्या अगदी उलट सांगते. जोडाक्षरे पक्की होईपर्यंत मूल थांबत नाही. मोठ्या मुलांना मोठ्यांनी वाचून दाखवावे. कानाला आलेले वाक्य डोळ्यांना पुढे सोपे जाते. 'समशेर आणि भूतबंगला' दर आठवड्याला थोडे थोडे वाचले आणि ऐन उत्सुकतेच्या जागी थांबले, तर उरलेले पान मुले आपणहून चाळून पाहतील. चाळताना हसूही येईल. हिब्रू पुस्तकाच्या सवयीने ती मराठी पुस्तक मागच्या बाजूने उघडतात आणि "मोरा, हे शेवटून सुरू होते" म्हणून तक्रार करतात. असू द्या. दोन दिवसांत हाताला दिशा कळते.

दुसरा उपाय याच देशातला. लेआ गोल्डबर्ग यांचे 'दीरा लेहास्कीर' इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पाच मजल्यांच्या इमारतीत कोंबडी, कोकिळा, मांजर, खार राहतात आणि उंदराची जागा रिकामी झालेली असते. ही गोष्ट वर्गात मराठीत तोंडी सांगायला लावा. गोष्ट आधीच ठाऊक असल्याने मुलांची सगळी शक्ती शब्द शोधण्यात जाते. "भाड्याने देणे" हा प्रयोग मला एरवी शिकवताच आला नसता.

याच देशात सिफ्रियत पिजामा २००९ पासून गानमधल्या मुलांना हिब्रू पुस्तके घरी नेण्यासाठी फुकट देते. अरबी बोलणाऱ्या मुलांसाठी पुढे मकतबत अल-फानूस निघाली. दर जूनच्या पुस्तक सप्ताहात लेखक मंडपात बसतात आणि मुले रांगेत उभी राहून सही घेतात. मराठीसाठी असे काही सरकारने करावे अशी माझी मागणी नाही, आपण संख्येने किती ते मला कळते. पण पुस्तक लिहिणारे माणूस जिवंत असते, त्याला भेटता येते, ही गोष्ट आपल्या मुलांना हिब्रूमुळे ठाऊक झाली आहे. मराठीच्या बाबतीतही ती कळावी. साने गुरुजींना पत्र लिहिता येणार नाही. संगीताताई बर्व्यांना येईल. मोडकीतोडकी चार वाक्ये, खाली नाव आणि गाव: दिमोना, अश्दोद, रामला. प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवू. उत्तर येवो न येवो, मराठी पत्र लिहिण्याचे खरेखुरे कारण तर मिळेल. वर्गातल्या निबंधाला असे कारण नसते.

खर्चाचे म्हणाल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी चित्रपुस्तके फुकट वाचता आणि छापता येतात. कपाट भरायला फार पैसा लागत नाही, निवडणारे माणूस लागते.

आता जे मला खरोखर बोलायचे आहे ते. आपल्याच घरचे पुस्तक कोठे आहे? आपल्यात लिहिणाऱ्यांची उणीव नाही. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांना इंग्रजी लेखनासाठी २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वडील रूबेन डेव्हिड यांनी उभारलेल्या प्राणिसंग्रहालयावरचे त्यांचे 'माय फादर्स झू' मुलांना फार आवडेल. मुंबईत वाढलेल्या सिओना बेंजामिन यांनी २०२१ मध्ये 'आय ॲम हावा' या बालपुस्तकाची चित्रे काढली. दोघींचा मला अभिमान वाटतो. पण दोन्ही पुस्तके इंग्रजीत.

एके काळी आपण असे नव्हतो. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हागादा छापली गेली. तिच्या चित्रांत मात्झा करणाऱ्या बायका साड्या नेसून बसल्या आहेत. युरोपातल्या चित्रांची नक्कल करणाऱ्यांना तेवढी आपली बायकामंडळी आठवली. हागादा तर मुलांना सांगण्यासाठीच असते. सेदेरला मांडी घालून बसलेल्या मुलीने ते पान पाहिले असेल, तेव्हा तिला पुस्तकात आपली आई दिसली असेल. दीडशे वर्षांनी तिच्या पणत्यांच्या मुलांना मराठी पुस्तकात आपले घर दिसत नाही.

तेव्हा आपण बारा पानांचे पुस्तक काढू. माझी एकच अट आहे. नवगावची फुटलेली नौका, सात जोडपी आणि शनिवार तेली यांनी सुरुवात करायची नाही. हे मुलांनी दरवर्षी ऐकलेले आहे, आणि वडीलधाऱ्यांच्या हाती लेखणी दिली की प्रत्येक जण तिथूनच निघतो. पुस्तक आजचे हवे. शाकशुकात हिरवी मिरची घालणारी आजी. मालिद्याच्या ताटातले खोबरे आधीच पळवणारा धाकटा. एलियाहू हनावीचा रथ खंडाळ्याच्या खडकावरून गेला म्हणतात, तर तो तेल अवीवच्या रस्त्यावर कुठे उभा करतील, असे विचारणारी एक मुलगी. हा प्रश्न माझ्या वर्गात खरेच आला होता आणि अजून उत्तर मिळालेले नाही.

चित्रे मुलांनी काढावीत. मजकूर देवनागरीत मोठ्या टायपात असावा. हिब्रू लिपीत उच्चार द्यावेत असे दोन पालकांनी सुचवले आहे. माझे मत विरुद्ध आहे, कारण शेजारी हिब्रू दिसली की मुलांचे डोळे देवनागरीकडे वळतच नाहीत. हवे तर पालकांसाठी वेगळा कागद करू, पण तो पुस्तकाबाहेर असावा.

पेसाहच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या वर्गात प्रत्येकाने घरच्या मोठ्या माणसाचे एक वाक्य लिहून आणावे. आजीचे, नानांचे, मावशीचे, कोणाचेही चालेल. जसे बोलले तसेच आणा. शुद्धलेखन मी पाहीन, पण आजीचे शब्द मी बदलणार नाही.