माझ्याकडे तर नीट दिसतंय!

वेबसाइट बनवणाऱ्या मंडळींविषयी माझे मत एके काळी फार चांगले होते. पण गेली वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून त्यांची करणी उघडता उघडता ते मत घसरत गेले आणि आता आमच्या नीरा डाव्या कालव्याच्या तळाशी जाऊन बसले आहे. आवर्तन बंद झाले की सणसरच्या पुलावरून कोणालाही ते स्पष्ट दिसते.

या मंडळींचे एक वाक्य ठरलेले असते. आपण म्हणावे, "अहो, ते बटण दाबलंच जात नाही." की पलीकडून उत्तर येते, "माझ्याकडे तर नीट दिसतंय!" आता हाच न्याय आम्ही बँकेत लावला तर? गिऱ्हाईक म्हणते, "भाऊसाहेब, माझ्या पासबुकात शंभर रुपये कमी लागलेत." आणि मी शांतपणे सांगतो, "माझ्या पासबुकात तर बरोबर आहेत!" त्या संध्याकाळी मी बाजारपेठेतून धड घरी पोचेन का, हे वाचकांनीच ठरवावे.

माझा एक भाचा याच धंद्यात आहे. पुण्यात हिंजवडीला असतो, सणावाराला येतो आणि येताना लॅपटॉपही आणतो. त्याच्या मित्रांत एक चर्चा कायम रंगते : वेबवाल्याला कामाला सगळ्यात चांगला ब्राउझर कुठला? माझे म्हणणे असे, की हा प्रश्नच उफराटा आहे. शिंप्याने "मला कुठल्या मापाचा सदरा शिवायला सोपा?" असे विचारण्यातला हा प्रकार. अरे बाबा, घालणार कोण आहे?

या सोयीपायी काय होते ते एकदा होऊन गेले आहे. मी बी.कॉम. झालो त्या सुमारास, २००१ साली, इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. नेटस्केप तोवर मोडीत निघाला होता. बी.कॉम.ला मक्तेदारीचा धडा मी केवळ पास होण्यापुरता वाचला होता, तो आता टेबलावर जिवंत बघायला मिळाला. स्पर्धक संपला तसा कारागीरही झोपला. सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडले. तोवर वेबवाल्यांनी काय केले? पानाखाली एक ओळ छापली : 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल.' म्हणजे हॉटेलवाल्याने पाटी लावावी, 'आमची मिसळ आमच्याच चमच्याने गोड लागते.'

त्यातून आपली मराठी. त्या काळच्या मशिनात भारतीय लिप्यांची सोय वेगळी घालावी लागे. ती घातली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येऊन बसे. त्यामुळे 'ऊसबिल' हा शब्द पडद्यावर 'ऊसबलि' असा उमटायचा. गंमत म्हणजे आमच्या भागात ही चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. उलट एक शेतकरी म्हणाला, "एवढं खरं पहिल्यांदाच छापलंय!"

पुढे फायरफॉक्स आला (२००४), क्रोम आला (२००८), पण एका ब्राउझरच्या मापाने शिवलेल्या साइटी अंगातून निघेनात. डिजिटल सहीसाठी जावा लागे आणि क्रोमने २०१५ मध्ये जावाला दार बंद केले. मग काय, सहीसाठी जुना एक्सप्लोरर आणि बाकी कामाला नवा, असा दोन घरचा संसार आम्ही काउंटरवाल्यांनी कित्येक वर्षे केला. शेवटी मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी एक्सप्लोररला निवृत्त केले. पण त्याच्यावाचून ज्यांचे अडते त्यांच्यासाठी एजच्या पोटात त्याची एक खोली अजून राखून ठेवली आहे. एवढी सोय आमच्या निवृत्तांची कोणी करत नाही.

हे सगळे भाच्याला सांगितले तर तो हसतो. "मामा, तो जमाना गेला. आता क्रोमवर चाललं म्हणजे सगळीकडे चाललं."

वाक्य तेच, फक्त नाव बदलले!

आणि हे 'सगळीकडे' म्हणजे तरी कुठे? ऑपेराने आपले इंजिन २०१३ मध्ये टाकून दिले आणि क्रोमचे घेतले. एजने २०२० मध्ये तेच केले. ब्रेव्ह, विवाल्डी तसेच. आपल्या सरकारने स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा घेतली, २०२५ मध्ये झोहो जिंकली, अभिनंदन. पण तिच्या उला ब्राउझरचेही बॉनेट उघडले तर आत क्रोमियमच. गुऱ्हाळ एक, ढेपा अनेक, वरचा कागद तेवढा निराळा. वेगळे चुलाण पेटते ठेवणारे मोठे दोघेच, फायरफॉक्स आणि सफारी. त्यातल्या सफारीचे दार ॲपलच्या वाड्यात. विंडोजवरची सफारी २०१२ मध्ये बंद झाली. म्हणजे गरीब वेबवाल्याने सफारीत आपले पान तपासायचे तर आधी दागिने गहाण ठेवून मॅक घ्यायचा.

आता हत्यारांची तुलना करायचीच तर करू. मीही थोडे बघितले आहे. एफ-बारा दाबला की क्रोम पानाची आतडी बाहेर काढून दाखवतो, नाना फोनांच्या मापाच्या चौकटी देतो, नेट मुद्दाम हळू करून दाखवतो. हिंजवडीच्या गार खोलीत बसून सणसरचे नेटवर्क भोगता येते, ही सोय मला फार आवडली. ती सक्तीची करावी. पण ही विद्या पहिल्यांदा गाजवली ती फायरफॉक्सवरच्या फायरबगने, २००६ साली. आजही एखादे अक्षर प्रत्यक्षात कुठल्या फॉन्टने काढले हे फायरफॉक्स चोख सांगतो. इंग्रजीवाल्याला त्याचे महत्त्व नाही. आपल्या अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा मोठा बारदाना असतो. फॉन्ट बदलला, ओळीची उंची आखडली, की खालचा उकार कापला जातो. एका पानावर मी 'मुदत ठेव' हे बटण 'मदत ठेव' असे पाहिले आहे. ज्याने ते बनवले त्याच्याकडे नक्कीच नीट दिसत असणार!

आमच्या सणसर-भवानीनगरच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. एके काळी झोनबंदी होती : ज्या कारखान्याच्या हद्दीत रान, त्यालाच ऊस घालायचा. शिवाय कुठेही गेलात तरी माल घेणार तोच आणि काटाही त्याचाच. म्हणून शहाणा शेतकरी ऊस घालण्याआधी बाहेरच्या काट्यावर गाडी उभी करून वजनाची चिठ्ठी खिशात टाकतो. कारखाना लबाड आहे असे त्याचे म्हणणे नसते. दुसरी चिठ्ठी असली की पहिला काटा आपोआप सरळ राहतो, इतकेच. इथे जाहिरात विकणारा गुगल, ब्राउझर गुगलचा, आणि पाने कशी बनवावीत याचे नियम ठरवायला बसलेल्यांतही गुगलची माणसे थोडकी नाहीत. शोधसेवेत ही कंपनी मक्तेदार आहे, असा निकाल अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी २०२४ मध्ये दिला. पण क्रोम विकायला लावा ही सरकारची मागणी मात्र त्यांनी २०२५ मध्ये मान्य केली नाही. कोर्टाने काटा हलवला नाही, तर निदान वेबवाल्याने तरी बाहेर एक वजन करावे! फायरफॉक्स फुकट मिळतो. तपासायला दहा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात आमचे सर्व्हरसुद्धा सुरू होते.

गेल्या दिवाळीत भाच्याने गावातल्या एका ऊस रोपवाटिकेसाठी पान बनवले. हिरवेगार फोटो, झकास रंग. मी माझ्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्समध्ये ते उघडले. 'मागणी नोंदवा' हे बटण रोपांच्या फोटोखाली गाडले गेले होते. जणू त्याचीच लागण केली होती. भाच्याने मान वाकडी करून बघितले, एफ-पाच दाबला, परत दाबला.

"मामा, तुमच्या ह्या फायरफॉक्सलाच काहीतरी झालंय. माझ्याकडे तर…"

"मग रोपं न्यायला येणाऱ्यांना तुझ्याकडंच धाडू का रे, हिंजवडीला?" चकल्यांचे ताट ठेवत त्याची मामी म्हणाली.