सुवाळीचे एल्फ

हल्ली आमची तरुण मंडळी मराठीत फॅण्टसी लिहू लागली आहेत, आणि त्यातले काही जण आपली बाडे माझ्यासारख्याकडे अभिप्रायासाठी पाठवतात. पाठवोत बापडे, आनंदच आहे. पण वाचता वाचता ध्यानात आले की यातल्या दर दुसऱ्या बाडात एक बंदर असते. पांढऱ्या दगडाचे, उंच मनोऱ्यांचे. त्यात दोन जातींचे लोक राहतात. एक लांब कानांचे, देखणे, शेकडो वर्षे जगणारे एल्फ. दुसरी आखूड आयुष्याची, लोभी, घामट माणसे. धक्क्यावर दारूचा गुत्ता, गुत्त्याच्या कोपऱ्यात तोंड झाकून बसलेला कोणी गूढ पाहुणा. नावे तेवढी वेगळी, बाकी सगळी एकाच साच्यातली गणपतीची मूर्ती!

एल्फ परके आहेत म्हणून मी कुरकुरतो आहे असे कोणी समजू नये. मराठी कादंबरी जन्मली तीच अद्भुताच्या मांडीवर. १८६१ ची 'मुक्तामाला' घ्या, १८६८ ची 'मंजुघोषा' घ्या. आणि आम्हां गोंयकारांना तर घराच्या कुंपणापाशी देवचार भेटत आलेला आहे. तेव्हा अद्भुताचे आम्हांला वावडे नाही. माझे दुखणे वेगळे आहे. या बंदरांत जहाजे येतात, पण त्यांतून उतरते काय, ते विकत घेतो कोण, उधारी कोणाकडे राहते, भाव ठरवताना दोघे कोणत्या भाषेत बोलतात, याचा पत्ता नाही. एल्फ जन्मतःच शहाणा आणि माणूस जन्मतःच अधाशी. स्वभाव कानांवर ठरलेला. मग बंदर हवे कशाला? डोंगरावर राहिले असते तरी चालले असते की!

हा साचा आला कुठून? टोल्किनच्या महाकादंबरीच्या (१९५४-५५) शेवटी एक बंदर आहे, ग्रे हेवन्स. पण तिथून एल्फ हे जग सोडून जातात. ते निरोपाचे बंदर, तिथे बाजार नाही ते योग्यच आहे. पुढे १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला आणि त्याने प्रत्येक वंशाला आकडे चिकटवले. १९७८ च्या नियमपुस्तकात एल्फला चपळाईत एक गुण जास्त, काटकपणात एक गुण कमी! गंमत अशी की, २०२४ च्या नव्या नियमपुस्तकातून खुद्द त्या खेळवाल्यांनीच 'वंश' हा शब्द काढून टाकला, आणि जन्मजात गुणांचे ते आकडेही वंशापासून सोडवले. आम्ही मात्र त्यांनी टाकून दिलेले कपडे अंगाला घट्ट धरून बसलो आहोत.

खरे बंदर पाहायचे तर सुरतेला चला. सुरत शहरातही नको. तिच्या पश्चिमेला दहा-बारा मैलांवर, हजीऱ्याच्या किनाऱ्यावर सुवाळी आहे, तिथे. तापीचे मुख गाळाने भरलेले. मोठी जहाजे नदीतून सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत. सुवाळीला मात्र किनारा आणि बाहेरचा वाळूचा बांध यांच्यामध्ये खोल पाणी होते. ओहोटीला बांध उघडा पडे, भरतीला बुडे. पावसाळा सरला की विलायती जहाजे तिथे नांगर टाकत, आणि वाळवंटात एक शहर उभे राही. सुरतेचे वाणी तंबू ठोकत, बांबूच्या झोपड्या बांधत. कापड, नीळ, रेशीम, किराणा. माल बैलगाड्यांतून ये-जा करी. पुढचा पावसाळा यायच्या आत ते शहर नाहीसे! वाऱ्याबरोबर उगवणारे आणि वाऱ्याबरोबर मावळणारे शहर. आता बोला, एवढे अद्भुत कोणत्या बाडात आहे?

तिथले लांब कानवाले म्हणजे टोपीकर. १६१२ साली इंग्रज कप्तान थॉमस बेस्टने याच पाण्यात पोर्तुगीज आरमाराशी झुंज घेतली आणि पुढच्या वर्षी सुरतेत इंग्रजांची वखार पक्की झाली. ते आरमार आमच्या गोव्याचे. १६१५ त तर गोव्याचा व्हाइसरॉय जेरोनिमु द आझेव्हेदु जातीने चालून गेला होता. त्याची मोठी जहाजे उथळ पाण्याने बाहेरच रोखली. पण लढाया राहू देत. लढाया फॅण्टसीतही पुष्कळ असतात. पुढे काय झाले ते पाहा. समुद्रावर तोफा डागणारे हे इंग्रज जमिनीवर आले की दलालाशिवाय एक ठाण कापड उचलू शकत नव्हते. वीरजी व्होरा हा सुरतेचा सावकार. वखारवाले त्याचे कर्जदार. भाव तो सांगेल तो. मराठी वाचकाला हा गृहस्थ ठाऊक असतो तो फक्त १६६४ च्या लुटीत वाडा गमावणारा म्हणून. आमच्या लेखी सुरत हे शहर शिवाजी महाराज तिथे गेले त्या दिवसांपुरतेच अस्तित्वात असते, एकदा १६६४ त, एकदा १६७० त. मधल्या सहा वर्षांत तिथे काय घडले?

तर हे घडले. १६६९ च्या सप्टेंबरात, काझीच्या धर्मांतराच्या जाचाला कंटाळून सुरतेचे वाणी शहर सोडून भडोचला निघून गेले. इंग्रजांच्या पत्रांत आकडा येतो ८,००० चा. पुढाऱ्यांत होता भीमजी पारेख, इंग्रजांचाच दलाल. ना तलवार, ना मंत्र. माणसे नुसती उठून गेली आणि पातशाहीचे सर्वांत श्रीमंत बंदर बसले. वर्ष सरता सरता मनधरणी होऊन ती परतली. हाच भीमजी छापखान्याच्या मागे लागला होता, आणि त्याच्या आग्रहावरून १६७४ त विलायतेहून एक मुद्रक मुंबईला आला. 'लोभी माणूस' या एका खणात याला कसा कोंबणार?

आणि लांब कानवाले तरी जन्मभर एल्फ राहिले का? सुरतेच्या कतारगाम भागातले जुने इंग्रज दफनस्थान पाहा. जॉर्ज ऑक्झिंडन (१६६४ च्या लुटीत वखार राखणारा तो हाच, राज्याभिषेकाला रायगडी आलेला हेन्री याच घराण्यातला) आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची कबर दुमजली आहे, घुमटांची, कमानींची. मुसलमान अमिराने हेवा करावा अशी! जिवंतपणी वखारीच्या भिंतीआड राहिले, मेल्यावर गुजरातेतल्या सरदारांसारखे निजले. शेजारी डच दफनस्थानात १६९१ साली वारलेला व्हॅन ऱ्हीड आहे, 'हॉर्टस मलाबारिकस' या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथाचा कर्ता. त्या ग्रंथात १६७५ सालची एक साक्ष छापली आहे, देवनागरी लिपीत, कोकणी भाषेत. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन वैद्यांची. डच अधिकारी, मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन, आमचे कोकणी भट, लॅटिन ग्रंथ, आणि कर्त्याची कबर सुरतेत. बंदर हे असे असते.

कोणी म्हणेल, अहो, गोष्टच आहे, एवढे कशाला मनावर घेता? मी गोव्यात बसून लिहितो आहे, म्हणून घेतो. इथे कानांची मापे काढायचे काम बारमाही चालते. हा निज गोंयकार, तो भायलो, घाटावरून आला तो घाटी. वास्कोला बंदराच्या आधाराने ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या त्यांच्या नातवंडांनाही 'मूळचे कुठले?' हा प्रश्न चुकत नाही. जन्मावरून स्वभाव ठरतो हे ज्या पोराने वयाच्या बाराव्या वर्षापासून खेळात आणि कादंबरीत गिरवले, त्याला मोठेपणी ते वेगळे शिकवावे लागत नाही. ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

हजीरा आजही बंदरच आहे. खत, पोलाद, वायू यांचे अवाढव्य कारखाने, २००५ पासून द्रवरूप वायूचे टर्मिनल, २०२० पासून घोघ्याला जाणारी रो-रो बोट. सुरतेत ओडिशाच्या गंजामचा मजूर गुजराती मुकादमाशी रोज कोणत्या तरी मोडक्या हिंदीत हुज्जत घालतो. तिथे जाऊन एखादा आठवडा नुसते कान उघडे ठेवा, लांब असोत की आखूड.

सुवाळीजवळ राजगरी गावात एक घुमटी आहे, टॉम कोरियटची कबर म्हणून ती दाखवतात. हा इंग्रज भटक्या अलेप्पोहून पायी चालत अजमेरला आला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत वारला. विकायला काही नाही, विकत घ्यायला पैसे नाहीत. पण भाषा शिकला. वकील टॉमस रो याच्या बिऱ्हाडात एक परटीण होती, उजाडल्यापासून मावळेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. पाद्री टेरीने लिहून ठेवले आहे की एके दिवशी कोरियट तिच्याशी तिच्याच बोलीत भांडायला उभा राहिला, आणि सकाळी आठ वाजेपर्यंत बाईला बोलायला शब्द उरला नाही.